टक्

वडनेरच्या फाट्यावर, तापलेल्या टिनाखाली,
दुपारच्या दोनला चाफले ग्रेडरची पांढरी गाडी थांबते.
काचा उघड्या, कॉलर ओली, दुपट्टा कानावर.
"थंडी येते न् जाते. कायले अशी करून राहिली?
दोन मिनिटं बरी, मंग निरी झळ."
खिशातून चार बोटं लाल तार काढतो.
"एकानं सांगतलं, स्विच डायरेक्ट कर. झंझटच नाही."

मी तार घेतो, ठेवतो. बॉनेट उघडतो.
आधी ऐकायचं असतं.

टक्. क्लच चिकटला, कॉम्प्रेसरनं ओढायला घेतलं.
मी ओठ न हलवता आकडे मोजतो.
अठरा. एकोणीस.
टक्. सुटला.
पुली फिरतच राहते, नुसती,
मोट सुटलेल्या चाकासारखी.

तार्‍या निळी नळी लावतो, मग लाल.
लाल काटा चढतो
दोनशे, अडीचशे, तीनशेच्याही पार,
चारशेच्या उंबर्‍यावर जरा थरथरतो,
आणि तेवढ्यात टक्.

चाफलेला मी तो स्विच दाखवतो,
ड्रायरच्या डोक्यावर बसलेला, अंगठ्याएवढा.
आत पापडासारखी पातळ वाटी आहे.
गॅस फार फुगला की वाटी उलटते,
वीज तुटते, कॉम्प्रेसर गप.
नाहीतर नळी फाटेल कुठंतरी, बहुतेक चढावर.
गॅस अगदीच उतरला, तिसाच्या खाली,
तरीही तुटते.
कारण तेल गॅसच्या पाठीवर बसून गावभर हिंडतं;
गॅस नाही तर तेल नाही,
आणि कोरडा कॉम्प्रेसर स्वतःचंच लोखंड खातो.
मधल्या दाबाचं काम वेगळं,
तो फक्त पंख्याला हाक मारतो.

"म्हंजे स्विच खराब?"
"नाही जी. तोच एक खरं बोलून राहिला."

ग्रिल काढतो.
मागे कंडेन्सर असायला हवा.
दिसते ती गोधडी.
हिंगणघाट, समुद्रपूर, वणी, मारेगाव,
अख्ख्या हंगामातल्या जिनिंगचं उडतं तूस
जाळीवर थरावर थर, वर धुळीची साय,
मधे दोनचार सरक्या.
वार्‍याला बोट घालायला जागा नाही.
चाफले वाकतो.
चिमूट उपटतो, दोन अंगठ्यांत ताणतो,
डोळ्यांजवळ नेतो, हात नेहमीचेच.
"एकोणतीस," म्हणतो. मग थोडा लाजतो.

धुवायचं आतून बाहेर, पाण्याचा जोर कमी ठेवून.
पात्या नाजूक, वाकल्या की वाकल्या.
तार्‍या पाइप धरतो, पायाशी राखाडी लगदा साचतो,
सदरा भिजला म्हणून खूश.
पत्र्यावर छेचाळीस अंश आहेत,
रस्त्याचं डांबर टायरला सोडत नाही.

गेल्या मेमध्ये याच खड्ड्यात, एका ट्रकखाली,
माझ्या आतही काहीतरी सुटलं होतं.
हात पाना धरून होते आणि मी नव्हतो.
जाग आली तेव्हा तार्‍या कांदा फोडून नाकाशी धरत होता,
आणि ट्रकवाला विचारत होता, किती वेळ लागेल.

पुन्हा चालू.
टक्.
लाल काटा अडीचशेवर येतो, पुढं जातो, मागं येतो, बसतो.
पंखा सुरू. एकोणीस. वीस. एकवीस.
साठ झाले.
दोनशेनंतर मी मोजणं सोडतो.

चाफले काचा चढवतो. ओठ हलतात, ऐकू येत नाहीत,
बहुधा पैशांचंच.
काच पुन्हा उतरवून देतो, वीस कमी.
गाडी निघते जामच्या दिशेनं.
उभी होती तिथं तळहाताएवढा ओला डाग,
एक साळुंकी येते, चोच लावते,
ती वर बघेपर्यंत डाग अर्धा.

लाल तार राहिली.
मी ती खिळ्याला अडकवतो.
तिथं अशा अकरा आहेत, उघड्या टोकांच्या,
वेगवेगळ्या गाड्यांतून उपटलेल्या,
कुणीकुणी स्विचच्या तोंडावर बांधलेल्या.
बारावी ही, न वापरलेली.
खिळा थोडा वाकलाय.
तार्‍या म्हणतो, "नवा ठोकू का?"